नव्या गाडीचं पॉलिश: लातूरची धूळ, लातूरचं पाणी

लातुरात गडद निळी गाडी घेऊ नकोस, असं मला घरातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. इथे जिकडेतिकडे पांढऱ्या गाड्या दिसतात त्याला कारण आहे. ऊन आणि धूळ दोन्ही पांढऱ्या रंगावर कमी जाणवतात. मला मात्र निळीच हवी होती आणि तो रंग मला आजही तितकाच आवडतो. गाडीला वर्ष होऊन गेलं तेव्हा लक्षात यायला लागलं, की सावलीत खोल दिसणारा निळा उन्हात फिका पडतोय. रंग उडालेला नव्हता. सकाळचं कलतं ऊन बॉनेटवर आलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वलयं दिसायची. रात्री पेट्रोल पंपावरच्या पांढऱ्या एलईडीखाली तर बॉनेट, छत, डिकी, सगळीकडे त्याच रेघा.

या रेघा खरं तर गोल नसतात. त्या सगळ्या दिशांना वेड्यावाकड्या पसरलेल्या असतात. त्यांतल्या ज्या प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून कुठल्याही दिव्याभोवती त्या वर्तुळात मांडल्यासारख्या दिसतात. टॉर्च सरकवला की वर्तुळही सरकतं. म्हणजे जिथे रेघा दिसत नाहीत तिथेही त्या असतातच, फक्त तिथे उजेड पडलेला नसतो.

त्याशिवाय काचांच्या खाली आणि डिकीवर पाण्याच्या थेंबांचे पांढरट गोल डाग होते, दारांच्या हँडलमागे बांगड्यांचे ओरखडे होते आणि डाव्या मागच्या दारावर नखाला लागेल अशी एक लांब रेघ होती. एवढंच. डेंट कुठे नाही, रंग कुठे उडालेला नाही. नव्या गाडीला इतकं चालायचंच, असं म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटले. मला ते सोडवेना, कारण हे सगळं कशामुळे झालं ते मला समजून घ्यायचं होतं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे गाडी कोरडी पुसतात. सकाळी उठल्यावर जुन्या बनियनचं नाहीतर धोतराचं फडकं घ्यायचं आणि बॉनेटवरची धूळ एका हाताने झाडून टाकायची. याला आळस म्हणणं बरोबर नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. ज्या गावाने ते दिवस पाहिले, तिथे गाडीवर पाइप धरून पाणी सोडायला हात धजत नाही. आजही नळाला पाणी रोज येत नाही आणि बोअर खोल गेलेले आहेत. म्हणून फडकं.

पण त्या फडक्याखाली काय असतं, ते पाहायला हवं. आपल्या रस्त्यावरची धूळ नुसती मऊ काळी माती नसते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची खडी दळून दळून ती तयार झालेली असते. त्या पाषाणातली फेल्स्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहच्या मापनावर ६ च्या आसपास कठीण. आपल्या रानात सापडते ती गारगोटी ७. गाडीवरचा पारदर्शक थर म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच, या सगळ्यांपुढे फारच मऊ. कोरड्या फडक्याखाली हे कण फिरले की प्रत्येक कण आपली रेघ मारून जातो. त्यात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी, मग तुरीच्या राशी, मग उसाच्या ट्रॉल्या आणि कारखान्यांच्या धुराड्यातून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची राख. रोज एकदा असं वर्षभर पुसलं, की बॉनेटवर किती रेघा होतील याचा अंदाज कोणालाही करता येईल.

पॉलिश करायचं ठरवलं तेव्हा पहिला सल्ला आला तो सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर एक कडक संरक्षक थर बसवण्याचा. मी त्याच्या विरोधात नाही. पण कोटिंग पारदर्शक असतं, खालच्या रेघा त्यातून तशाच दिसतात. म्हणून कोटिंगच्या आधीही गाडीला पॉलिश करावंच लागतं आणि खरा प्रश्न तिथेच असतो: कोण करणार, कोणत्या मशीनने, आणि किती थर खरवडणार? हे शेवटचं मला धाकट्या दिरांमुळे कळलं. ते संभाजीनगरला, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पेंट शॉपला आहेत. दिवाळीला आले तेव्हा गाडीभोवती फिरून त्यांनी नीट पाहिलं.

"वहिनी, चकाकी रंगात नसते. ती वरच्या क्लिअरमध्ये, म्हणजे पारदर्शक थरात असते आणि हे ओरखडेही तिथेच आहेत," ते म्हणाले. "ओरखडा काढतात म्हणजे काय करतात, माहितंय का? त्याच्या आजूबाजूचं क्लिअर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतात. ओरखडा भरून वगैरे काही येत नाही."

मग त्यांनी थर सांगितले. पत्र्याचा सांगाडा आधी टाकीत बुडवतात आणि विजेच्या मदतीने त्यावर पहिला थर बसवतात, साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा गंजापासून वाचवतो. त्यावर प्रायमर, मग १५ ते २० मायक्रॉनचा खरा रंग आणि सगळ्यात वर ३५ ते ५० मायक्रॉनचं क्लिअर. सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉन. वहीच्या एका कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. त्यातला वरचा जेमतेम तिसरा हिस्सा काय तो ऊन, पाऊस, पाखरांची विष्ठा आणि आपलं फडकं झेलतो. अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. तो फार पातळ झाला की आपल्या उन्हात काही वर्षांत छतावरचं आणि बॉनेटवरचं क्लिअर पांढरं पडून पापुद्रे सुटायला लागतात.

त्यांची पुढची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. कारखान्यात हे क्लिअर भट्टीत १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. तेव्हा गाडीत काचा, सीटा, वायरिंग काहीच नसतं. एकदा हे सगळं बसलं की गाडी पुन्हा तेवढी तापवता येत नाही. गॅरेजच्या पेंट बूथचं तापमान ६० अंशांच्या आसपास असतं आणि तिथलं क्लिअर वेगळ्या रसायनाचं, हार्डनर घालून वाळवायचं असतं. चांगला पेंटर तेही सुंदर मारतो. पण कारखान्यातला तो पहिला थर गाडीला एकदाच मिळतो. तो घासून टाकून नंतर परत आणता येत नाही.

तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं, की ओरखडे काढायचे, पण थर राखून. जेवढ्यात निघतील तेवढे काढायचे, उरतील ते राहू द्यायचे.

बार्शी रोडला एका चाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. आमच्या घरातल्या गाड्यांचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. त्यांनी बॉनेटवर टॉर्च मारला, दारावरच्या रेघेवरून नख फिरवलं.

"रबिंग मारलं तर दुपारपर्यंत चकाचक करून देतो मॅडम. पर नवी गाडी हाय, लॅकर कशाला घालवायचं? हलकं पॉलिश करा. मशीन घ्या, घरी बी हुतंय."

रबिंग म्हणजे खरखरीत कंपाउंडने जोरात घासणं आणि लॅकर म्हणजे तेच क्लिअर. मी विचारलं, "आणि ही दारावरची रेघ?"

"नखाला लागतंय ते काढायचं नाही. ते काढाय गेलं की खालचा रंगच हाताला येतोय."

स्वतःचं गिऱ्हाईक सोडून खरा सल्ला देणारा माणूस भेटणं हे मी माझं भाग्य समजते. त्यांनी मला त्यांचं गोल फिरणारं मशीनही दाखवलं. ते एकाच अक्षावर फिरतं, भराभर कापतं आणि सराईत हातात फार चांगलं काम देतं. पण एका जागी क्षणभर जास्त थांबलं तर क्लिअर तापतं आणि दाराच्या कडेवर, बॉनेटच्या उठावावर थर जळून जातो. घरी करणाऱ्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावं, असं चाचांचं आणि दिरांचं दोघांचंही मत पडलं. त्याचं पॅड फिरतंही आणि हलतंही. जास्त दाबलं तर फिरणं थांबतं, नुसतं थरथरतं. काम हळू होतं, पण उष्णता कमी आणि धोका कमी.

मी पाच इंची पॅड बसेल असं मशीन घेतलं. सोबत पॉलिशिंगचे आणि त्याहून मऊ फिनिशिंगचे फोम पॅड, बारीक पॉलिशची एक बाटली आणि लागलंच तर असावं म्हणून मध्यम कंपाउंडची, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त घासणाऱ्या द्रव्याची दुसरी. मायक्रोफायबरची फडकी भरपूर घेतली आणि यात हात आखडू नये असं मी सगळ्यांना सांगते. रंगाची जाडी मोजायचं मीटर दिरांनी आणून दिलं.

मीटर लावून पाहणं हा भाग मला मनापासून आवडला. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी टेकवायचं आणि आकडे लिहून घ्यायचे. छतावर, दारांवर, बॉनेटवर आकडे शंभराच्या थोडे वर, एकमेकांच्या जवळपास. याचा अर्थ शोरूमला यायच्या आधी गाडीला कुठे परत रंग मारलेला नव्हता. मारलेला असता तर त्या जागी आकडा एकदम दोनशेच्या पुढे गेला असता. बंपरवर मीटर काहीच दाखवत नाही, कारण ते प्लॅस्टिकचे असतात आणि हे मीटर खाली धातू असला तरच चालतं. एक लक्षात ठेवायला हवं: हे मीटर सगळे थर मिळून मोजतं. त्यात क्लिअर किती उरलंय ते सांगत नाही. म्हणून एकूण आकडा चांगला दिसला तरी हात सैल सोडायचा नाही.

काम जानेवारीच्या शेवटी काढलं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि उन्हातला पत्रा हात लावू देत नाही. अशा पत्र्यावर पॉलिश पसरायच्या आत वाळतं. पावसाळ्यात चिखल. जानेवारीत तुरीच्या राशी उरकलेल्या असतात आणि सकाळची हवा थंड असते. पोर्चच्या दोन उघड्या बाजूंना ताडपत्री बांधली, फरशीवर पाण्याचा सडा मारला म्हणजे पायाने धूळ उडत नाही, आणि बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र, सगळं घरात काढून ठेवलं. ओढणीही. वाकून काम करताना यातलं काहीही पत्र्याला लागलं तर नवा ओरखडा ठरलेला. पट्ट्याचं बक्कल असेल तर पुरुषांनीही हे पाहावं.

धुणं दोन बादल्यांत केलं. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं, हातमोजा खळबळायला. वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त खडा दारांच्या खालच्या भागात असतो. मग थेंबांचे पांढरे डाग घेतले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. बादलीच्या कडेला जमणारी पांढरी खपली पाहिली की आपण कुठे आहोत ते कळतं. हे पाणी पत्र्यावर वाळलं की पाणी उडतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून त्यात भिजवलेलं फडकं डागावर मिनिटभर ठेवलं, मग चोळायच्या आधीच भरपूर पाण्याने धुतलं. वर बसलेला क्षार विरघळून गेला. काही डागांच्या जागी मात्र गोल खुणा तशाच राहिल्या. क्षाराने आणि उन्हाने मिळून तिथे क्लिअरमध्येच खड्डा पाडला होता. त्या पॉलिशवर सोडल्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. आरओमधून वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरावं, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पाणी वाचवायची इच्छा चांगलीच आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात, कारण आरओने बाजूला काढलेला सगळा क्षार त्यातच जातो. त्याने फरशी पुसा, संडासात टाका. गाडीला शेवटचा हात द्यायला आरओचं चांगलं पाणी थोडंसं घ्या, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर. पाच लिटरचा कॅन नीट वापरला तर अख्खी गाडी ओल्या फडक्याने निपटता येते.

धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण स्वच्छ असतेच असं नाही. पॉलिथीनची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवून पाहा. नुसत्या बोटांना न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून लगेच कळतो. माझ्या गाडीचा मागचा भाग सगळा खरखरीत होता. ब्रेकच्या घासण्यातून उडालेले लोखंडाचे तापलेले कण क्लिअरमध्ये रुतून बसतात. त्यासाठी मिळणारं द्रावण फवारलं की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ उतरायला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. ते धुऊन टाकलं, नांदेडच्या रस्त्यावर चिकटलेले डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढले, मग साबणाचं पाणी मारत मारत क्ले फिरवला. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखी चिकट वडी. ती पत्र्यात रुतलेलं उचलून घेते. दर थोड्या वेळाने दुमडून स्वच्छ बाजू वर काढायची आणि चुकून खाली पडली तर तो तुकडा टाकूनच द्यायचा. पिशवी पुन्हा फिरवली तेव्हा हात नुसता सरकत गेला.

मग रबराच्या पट्ट्या, काळं खरबरीत प्लॅस्टिक, दिव्यांच्या कडा आणि बॉनेटवरचे उठाव यांना मास्किंग टेप लावला. काळ्या प्लॅस्टिकवर पॉलिश वाळलं तर पांढरं दिसत राहतं. आणि उठावावर रंगाचा थर इतर ठिकाणाहून पातळ असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: चाचणीचा तुकडा. अख्ख्या गाडीवर मशीन फिरवायच्या आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनात ठरवायचं, की कशाने काम होतं. बॉनेटच्या मधोमध टेपची एक पट्टी लावली आणि तिच्या एकाच बाजूला काम केलं. नियम असा, की सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची. मऊ फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश. पॅडवर आधी पॉलिश सगळीकडे हाताने चोळून घेतलं, मग चार थेंब ठेवले, मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून थेंब पसरवले, सगळ्यात कमी वेगावर एक फेरी मारली आणि मग वेग वाढवून आधी आडव्या, मग उभ्या ओळी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी यायला हवी. हात अगदी संथ, सेकंदाला इंचभर. दाब फार तर मशीनच्या वजनाएवढा. पॅड ज्या प्लेटवर बसतं तिच्या कडेला मी मार्करने एक रेघ ओढून ठेवली होती. ती फिरताना दिसते तोवर पॅड खरंच फिरतंय, रेघ थांबली की आपण जास्त दाबतोय किंवा पॅड तिरकं झालंय.

पॉलिश पारदर्शक झालं की थांबायचं, पुसायचं. आणि पुसल्यावर लगेच खूश व्हायचं नाही. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती बारीक रेघांत भरून त्या झाकतात. दोन-चार धुण्यांत तेल जातं आणि रेघा परत दिसतात. म्हणून पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसलं आणि टॉर्च मारला. निळा खोल दिसत होता, पण रेघा बऱ्याचशा तशाच. मग पॅड बदललं, पॉलिश तेच. पॉलिशिंग पॅड थोडं कडक असतं, त्याच पॉलिशला जास्त चावरं करतं. त्याच चौकोनात पुन्हा तशाच ओळी. अल्कोहोलने पुसलं, टेप काढला, टॉर्च धरला.

टेपच्या डावीकडे वलयंच वलयं आणि उजवीकडे टॉर्चचा एकच गोल, त्याच्याभोवती निळ्याशिवाय काही नाही. मी सासूबाईंना हाका मारून बाहेर बोलावलं. त्या चष्मा पुसून पुसून पाहत राहिल्या. "अगं, ही तर शोरूममध्ये होती त्याच्याहून चांगली दिसायली," म्हणाल्या. ते खरंही असेल. गाडी ताब्यात द्यायच्या आधी घाईघाईत धुतात-पुसतात तेव्हाच पहिल्या रेघा पडलेल्या असू शकतात.

अगदी जवळून पाहिलं तर चार-पाच खोल रेघा उजवीकडेही होत्या. कंपाउंडने त्यातल्या आणखी काही निघाल्या असत्या. मी ते केलं नाही. दोन फुटांवरून न दिसणाऱ्या रेघेसाठी आणखी काही मायक्रॉन द्यायची माझी तयारी नव्हती. कंपाउंडच्या बाटलीचं सील अजून तसंच आहे.

पुढचं काम म्हणजे तोच चौकोन पुन्हा पुन्हा. घाई केली की बिघडतं, म्हणून मी रोज सकाळी थोडा भाग घेतला, पत्रा तापायला लागला की थांबले. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचं, कारण निघालेलं क्लिअर आणि वाळलेलं पॉलिश पॅडवर साठतं आणि तेच नव्या रेघा पाडतं. ओलं झालेलं पॅड बदलायचं. मध्येच लाइट गेली तर पॉलिश तसंच ठेवायचं नाही, पुसून टाकायचं आणि आल्यावर नव्याने सुरू करायचं. छताला पक्कं स्टूल लागतं. दारांना सगळ्यात जास्त ताकद लागते, कारण तिथे मशीनचं वजन आपल्या हातांवर असतं. बंपरवर वेग कमी ठेवला. प्लॅस्टिक उष्णता पत्र्यासारखी पसरू देत नाही, एकाच जागी धरून ठेवतं. खिडक्यांमधल्या चकचकीत काळ्या पट्ट्या फारच मऊ असतात. त्यांच्यावर आणि हँडलमागच्या वाट्यांत मी मशीन नेलंच नाही. फोमचा लहान तुकडा बोटाला धरून हातानेच केलं. बांगड्यांचे बहुतेक ओरखडे गेले.

मागच्या दारावरची ती लांब रेघ तिथेच आहे. पॉलिशने तिच्या कडा बोथट झाल्या, त्यामुळे उन्हात ती आधीसारखी पांढरी चमकत नाही. चाचा म्हणाले होते तसं ती मुळापासून काढायच्या भानगडीत मी पडले नाही.

शेवटी मीटर घेऊन त्याच जागांवर पुन्हा मोजलं. काही ठिकाणी आकडा तोच, काही ठिकाणी एखाद्या मायक्रॉनने खाली. मीटरच्या स्वतःच्या चुकीत बसेल इतका तो फरक. मला सगळ्यात जास्त समाधान या आकड्यांनी दिलं. मग सगळी गाडी अल्कोहोलच्या द्रावणाने एकदा पुसून सीलंट, म्हणजे क्लिअरचं रक्षण करणारं द्रव्य लावलं, अगदी पातळ. जाड लावून फायदा काही नाही, पुसायला त्रास तेवढा.

त्यानंतर बदलल्या त्या सवयी. गाडीला आता कोरडं फडकं लावत नाही. आमच्या गल्लीत पहाटे गाड्या पुसणारे काका आहेत. त्यांचे महिन्याचे पैसे चालूच ठेवले, फक्त त्यांना मायक्रोफायबरची फडकी आणि रिन्सलेस वॉशची, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणाऱ्या शाम्पूची बाटली दिली. एका बादलीत थोडंसं द्रावण घालायचं, फडकी त्यात भिजवून ठेवायची, पत्र्यावर आधी फवारा मारून धूळ मऊ होऊ द्यायची, मग एका दिशेने पुसायचं आणि प्रत्येक पत्र्याला फडक्याची नवी घडी घ्यायची. वापरलेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही. आठ-दहा लिटरमध्ये गाडी होते. पाण्याच्या टंचाईला आणि रंगाला दोन्हीला हे मानवतं, म्हणून लातूरसारख्या गावात याचा प्रसार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. फार चिखल असेल त्या दिवशी मात्र हे करायचं नाही. तेव्हा आधी पाणी मारून चिखल उतरवावाच लागतो.

बॉडी कव्हर मी काढून टाकलं. आतल्या धुळीसकट ते वाऱ्याने पत्र्यावर घासत राहतं. पोर्चमध्ये उभ्या गाडीला त्याची गरज नाही. पाखरांची विष्ठा दिसली की थांबायचं नाही, ओलं फडकं दोन मिनिटं वर ठेवून अलगद उचलायची. उन्हात ती काही तासांत क्लिअर खाते.

दसऱ्याच्या पूजेचं काय, हा प्रश्न सासूबाईंनीच काढला. दरवर्षी बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि वाळल्यावर कुणीतरी ते कोरड्या कापडाने घासून काढायचं, अशी आमच्याकडची रीत. यंदा त्यांनी ते पुढच्या काचेवर, एका कोपऱ्यात काढलं. झेंडूचा हार आरशांना बांधला, तार पत्र्याला लागणार नाही असा. काच कठीण असते, तिच्यावर कुंकू ओल्या फडक्याने सहज निघतं.

चाचांनी गाडी पाहिली, डिकीवर टॉर्च मारून बराच वेळ पाहिली आणि मशीन दोन दिवस मागून नेलं. त्यांच्याकडे एक नवी काळी गाडी आली होती, मालकाला रबिंग नको होतं.